हलव्याचा मुकुट

ती सकाळ मला आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. जानेवारीचा महिना, संक्रांत होऊन चार-पाच दिवस झालेले. झाशीत त्या दिवसांत असं धुकं पडतं की ठाण्याच्या फाटकातून समोरचं चहाचं दुकान दिसत नाही. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. सकाळची हजेरी घेऊन खुर्चीत टेकलो, तोच आमचे दीवानजी मोबाइल पुढे धरून आत आले. उत्तर प्रदेशात ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या हवालदाराला दीवानजी म्हणतात. आमचे दीवानजी सहसा घाबरत नसत. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

"साहब, ये देखिए. कल से पूरे शहर में घूम रहा है."

फोटोत वर्ष-सव्वा वर्षाचं मूल पाटावर बसलेलं. अंगात काळं झबलं, डोक्यावर पांढऱ्या काटेरी दाण्यांचा मुकुट, गळ्यात तसलीच माळ. मूल तोंड वासून रडतंय आणि मागे काळी साडी नेसलेली साठीची एक बाई त्याच्या डोक्यावर वाडग्यातून काहीतरी ओततेय. खाली हिंदीत मजकूर होता. झाशीत मुलं पळवणारी टोळी आली आहे, हा फोटो बळी देण्याआधीचा आहे, मुकुट आणि माळ मुलांच्या दातांची आहे, ही बाई दिसली तर सोडू नका.

मी फोटो पाहिला आणि खो खो हसलो.

हसलो, कारण ते बोरन्हाण होतं. आमचं घराणं सात-आठ पिढ्यांपासून झाशीत आहे. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात, म्हणतात तुमचं अर्धं वाक्य हिंदीत असतं. असू दे. पण संक्रांतीला लहान मुलाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून त्याच्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे, हे आम्ही सोडलेलं नाही. मूल हमखास रडतं. माझा मुलगा रडला होता, नातही रडली होती.

"अरे दीवानजी, ये दाँत नहीं, चीनी है चीनी! हमारे यहाँ हर बच्चे का होता है," मी म्हणालो. मग सगळ्या शिपायांना बोलावून हसत हसत समजावलं. तेही हसले. त्याहून वाईट म्हणजे फोटोतली बाई कोण, हेही मी ओळखलं होतं. माझ्या नातीचे दागिने त्यांनीच केले होते. नवरा रेल्वेत होता, भुसावळकडून बदली होऊन इथे आले आणि राहिले. नवरा गेल्यावर मावशी दर संक्रांतीला मराठी घरांना हलव्याचे दागिने करून देत. सगळ्या घरांत त्यांना मावशीच म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. मी लगेच बायकोला फोन लावला, "अगं, मावशी फेमस झाल्या!"

ती हसली नाही. म्हणाली, "हसताय काय? त्यांना कुणी सांगितलंय का? त्यांच्याकडे तो साधा बटणांचा फोन आहे."

"सांगू संध्याकाळी," मी म्हणालो. संध्याकाळी एका चोरीची पाहणी निघाली आणि मी विसरलो. दुसऱ्या दिवशीही विसरलो. जीडीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, मी त्या फोटोबद्दल एक ओळही लिहिली नाही. तेहतीस वर्षं नोकरी केलेला माणूस! मला खरं माहीत होतं, म्हणून मला वाटलं सगळ्यांनाच कळेल. शहरात मराठी घरं किती, तर एका हॉलमध्ये मावतील एवढी. बाकीच्यांनी बोरन्हाण कुठे पाहिलं असणार, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोर्टाच्या एका कामावरून कानपूर रस्त्याने परतत होतो. जीपमध्ये मी, चालक आणि दोन शिपाई. फोन वाजला. चिरगाँवच्या बसवरचा एक कंडक्टर होता. आम्हाला अधूनमधून खबर देणारा, भरवशाचा माणूस.

"साहब, वो फोटोवाली औरत पकड़ी गई," तो एका दमात बोलला. "साथ में चार साल का बच्चा है. बच्चे को पेशाब करानी थी, मेरी ही गाड़ी से उतरी थी. किसी ने पहचान लिया. भीड़ टूट पड़ी. मैं अकेला क्या करता साहब, गाड़ी निकाल लाया."

मावशींचा नातू चार वर्षांचा आहे, हे मला माहीत होतं. लेक-जावई दोघं नोकरीला जात, तो दिवसभर आजीकडेच असे. त्या जिथे उतरल्या होत्या ते रस्त्यावरचं गाव दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. त्यांना फोन केला, तर त्यांची गाडी बंदोबस्तासाठी टहरौलीकडे गेलेली. मी म्हणालो, तुम्ही या तेव्हा या, मी निघालो. चालकाला गाडी वळवायला लावली.

गावातली शाळा रस्त्याला लागूनच होती. समोर दोनशेच्या घरात माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात वीट, आणि बहुतेकांच्या हातात मोबाइल. एकाने काठीच्या टोकावर हलव्याचा मुकुट अडकवून उंच धरला होता. मावशी चिरगाँवला एका मराठी बँकवाल्याच्या घरी बोरन्हाणाचे दागिने पोचवायला निघाल्या होत्या. म्हणजे फोटोतली बाई, पिशवीत फोटोतल्यासारखंच काळं झबलं आणि तसाच पांढरा मुकुट. लोकांना आणखी काय पुरावा हवा होता?

शाळेच्या एका खोलीला कुलूप होतं आणि दारासमोर पाय रोवून एक बाई उभी होती. चाळिशीची, अंगणवाडीत काम करणारी. कपाळावर तिलाही खरचटलं होतं. मावशींना आणि पोराला आत ओढून तिनेच कुलूप लावलं होतं आणि किल्ली कनवटीला खोचली होती.

"चाबी हमाए लिंगा है," ती मला म्हणाली. चाबी माझ्यापाशी आहे. "पैले जा बताओ, ईए बचाबे आए हो कै लै जाबे?" हिला वाचवायला आलात, की न्यायला?

"बचाने," मी म्हणालो. "मेरे घर की औरत है."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि दार किलकिलं करून मला आत घेतलं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोकं फुटून पदर रक्ताने भिजला होता आणि उजवा हात मनगटापाशी वेडावाकडा झाला होता. नातू त्यांच्या पोटाशी चिकटला होता.

"साहेब, मी काय केलं हो?" त्या म्हणाल्या. "सगळे दात दात म्हणतायत. कुणाचे दात?"

सगळ्या शहराने पाहिलेला तो फोटो फक्त या बाईने पाहिला नव्हता. बायकोचे शब्द कानात वाजायला लागले.

अंगणवाडीच्या बाईने मला बाहेरच्या लोकांचा खरा संशय सांगितला. मावशी पोराला मराठीत समजावत होत्या, "रडू नको राजा, आई येतेय." आणि पोरगं हिंदीत रडत होतं, "मम्मी के पास जाना है." गावकरी म्हणाले, बाई एक बोलते, मोड़ा, म्हणजे पोरगा, दुसरंच बोलतो, शिवाय आईकडे जायचं म्हणतोय. हा हिचा असेलच कसा? मला माझं घर आठवलं. माझी नातही अशीच. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. सून म्हणते, शाळेत सगळे हिंदी बोलतात बाबा, ती तरी काय करणार. आमच्या झाशीतल्या मराठी घरांत रोज घडणारी गोष्ट, आणि त्या दिवशी तीच एका पोराला त्याच्या आजीपासून तोडायला निघाली होती.

बाहेर ओरडा वाढला. माझ्याबरोबर तीन माणसं. काठी चालवून काही होणार नव्हतं, उलट खोली पेटली असती. मी बाहेर आलो आणि सरळ मुकुटवाल्याकडे गेलो.

"क्या है ये?"

"दाँत हैं, साहब! बच्चों के दाँत!"

"लाओ इधर."

मी मुकुट हातात घेतला. समोरच्यांना दिसेल असा धरला, त्यातून हलव्याचे चार-पाच दाणे तोडले आणि तोंडात टाकले. कराकरा चावले. ओरडा एकदम थांबला. एक म्हातारी "हाय राम" म्हणून मागे सरकली. मी चावतोय आणि दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत! मग मी गावच्या प्रधानाचा, म्हणजे सरपंचाचा, दंड धरला.

"प्रधानजी, मुँह खोलिए."

"अरे साहब, हम..."

"खोलिए!"

त्याने डोळे मिटून तोंड उघडलं. मी दाणा टाकला. त्याने चावला, थांबला, पुन्हा चावला आणि कसनुसं हसला. "मीठा है," तो म्हणाला. मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात पुढे केला. त्याने दाणा चघळला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, जौ तो इलायचीदाने जैसो है! मंदिर को परसाद!" देवळात प्रसाद म्हणून मिळणारी ती साखरेची गोळी सगळ्यांच्या ओळखीची. पुढचे लोक काठ्या खाली घ्यायला लागले.

मागून एकजण ओरडला, "पुलिस मिली हुई है!" आणि एक वीट आमच्या जीपच्या बॉनेटवर आदळली. तेवढ्यात दार उघडलं. अंगणवाडीची बाई पोराला कडेवर घेऊन बाहेर आली, दुसऱ्या हाताने मावशींना धरलेलं. "हटो! मोड़ा खों भूख लगी है!" ती अशी ओरडली की समोरचे खरंच बाजूला झाले. मी मागे, शिपाई दोन्ही अंगांना. जीपपर्यंतची पन्नास पावलं मी आयुष्यात विसरणार नाही. वीट मारणाऱ्याला मात्र मी बसता बसता बघून ठेवलं होतं. मारहाण करणाऱ्यांबरोबर तोही दुसऱ्या दिवशी आत गेला.

फोटोचा गुन्हा आमच्या ठाण्यात नोंदला गेला. जप्त वस्तूंची फर्द, म्हणजे यादी, लिहिताना दीवानजी अडले. "साहब, मुकुट आधा है. बाकी का क्या लिखूँ?"

"लिखो, प्रभारी ने मौके पर खाया."

जप्त करायचा मुद्देमाल खाणारा पोलीस अधिकारी बहुधा मी एकटाच असेन. वकिलाने नंतर कोर्टात त्यावरून माझी भरपूर खेचली.

मावशींच्या डोक्याला सात टाके पडले, मनगट मोडलं. दवाखान्यात लेक आली, ती आधी रडली, मग माझ्यावर भडकली. "काका, तुम्हाला तीन दिवसांपासून माहीत होतं?" मी मान खाली घातली. खोटं काय बोलणार? तिने तिथेच ठरवलं, आईला भुसावळकडे चुलत्यांकडे पाठवायचं आणि मुलाला पाळणाघरात ठेवायचं. "ती रस्त्यात याच्याशी मराठीत बोलली म्हणून मार खाल्लाय," ती म्हणाली. "हा तिच्या पोटाशी असताना."

मावशींनी डाव्या हाताने लेकीला थांबवलं. मग म्हणाल्या, "साहेब, ते सगळं राहू द्या. मला एवढंच सांगा, हे लिहिलं कुणी? मला त्याच्या तोंडाकडे एकदा बघायचंय. तो सापडला तर मी इथे राहीन. नाही सापडला, तर माझ्याच्याने या शहरात रस्त्यावर उतरवणार नाही. मग पोरीचं म्हणणं खरं."

एवढी साधी मागणी होती. मी म्हणालो, "सापडेल." आणि त्या दिवसापासून मी दुसरं काम हाताखालच्यांवर टाकलं.

सायबरवाल्यांनी आधीच हात वर केले. अ‍ॅप कंपनीकडून उत्तर यायला महिने जातात, आणि फॉरवर्ड झालेला फोटो शेवटी कुठे पोचतो हे सांगणं कठीण, असं त्यांचं म्हणणं. मग मी जुन्या पद्धतीने निघालो. वही घेतली आणि ज्याच्या त्याच्याकडे जाऊन विचारलं, तुला कुणी पाठवला? भाजीवाला, मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, मंडळाचा अध्यक्ष. प्रत्येकाचं उत्तर एकच, "साहब, हमने तो बस आगे बढ़ाया, सावधानी के लिए." शिकलेली माणसं सगळ्यात जास्त वाद घालत, हे मी तेव्हा शिकलो. "सच नहीं भी हो, तो सावधान करने में क्या बुराई है?" एका रिटायर्ड प्राध्यापकाने मला विचारलं. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना मावशींच्या डोक्याच्या टाक्यांचा फोटो दाखवला आणि म्हणालो, "ये बुराई है." चार दिवसांत वहीची वीस पानं भरली आणि रेघा एकमेकांत अडकून बसल्या. पुढे जाताच येईना.

शेवटी मी उलट्या बाजूने सुरुवात केली. फोटो पसरला कसा ते सोडा, निघाला कुठून? ज्या घरी ते बोरन्हाण झालं होतं तिथे गेलो. मुलाची आई तरुण, रेल्वेत नोकरी करणारी, रडून रडून बेजार झालेली.

"काका, मीच मावशींना म्हटलं, पहिला मान तुमचा," ती म्हणाली. "त्या नको म्हणत होत्या. म्हणाल्या, मला कशाला पुढे करतेस, मी दागिने चढवून बाजूला उभी राहते. मीच आग्रह केला. नसता केला तर फोटोत त्या आल्याच नसत्या."

"फोटो कुणाकुणाला पाठवलास?"

"फक्त घरच्या ग्रुपवर. अकरा जण आहोत. देवाशप्पथ."

तिने फोनमधला मूळ फोटो दाखवला. पाहून मी थक्क झालो. मूल रडतंय, मावशी ओततायत, आणि उजव्या बाजूला ही स्वतः बसलीय, मुलाच्या पाठीवर हात ठेवून, पोट धरून हसतेय. व्हायरल फोटोत आई नव्हतीच. कुणीतरी तिला कापून टाकलं होतं. डाव्या कोपऱ्यात आणखी एक गोष्ट होती. लुंगीतला एक उघडा पाय.

"हा कुणाचा?"

"भाऊजींचा," ती रडता रडता ओशाळली. "मागे सोफ्यावर पसरले होते."

मी माझ्या फोनमधला व्हायरल फोटो काढला. डावा कोपरा पाहिला. तिथे पाय नव्हता. सतरंजीच्या पट्ट्या सरळ जात होत्या. फोटो डाव्या बाजूने कापलेला नव्हता, पाय पुसलेला होता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग सहज मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर तोच फोटो मोठा करून, फ्रेम लावून टांगलेला. त्यात आई हसत होती, आणि पाय नव्हता.

"हा कुठे करून घेतलास?"

"मानिक चौकात. फोटो छापतात, कॉफीचे मग वगैरे करून देतात, त्या दुकानात. त्यांना मीच म्हटलं, भैया, ये पैर हटा दो, अच्छा नहीं लगता." तेव्हा तिच्याही लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. पाय पुसलेला फोटो जगात दोनच ठिकाणी होता. एक तिच्या भिंतीवर, एक त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये.

निघताना मी आणखी एक प्रश्न विचारला. नोकरीतली सवय, उठता उठता एक प्रश्न टाकायचा. "फ्रेम घ्यायला गेलीस तेव्हा दुकानदार काही बोलला का?"

"नाही हो. उलट मी त्यांना तिळगूळ दिला. मावशींनी जास्तीचा हलवा दिला होता, तोही दिला. म्हटलं संक्रांत आहे."

दुकानदार पंचेचाळिशीचा, नम्र, कपाळाला टिळा. आम्ही पंचांसमोर कॉम्प्युटर आणि फोन ताब्यात घेतला, सील केला आणि त्याला ठाण्यात आणलं. तो बातम्यांचा एक ग्रुप चालवत होता. शहरातलं पाणी कधी येणार, वीज कुठे गेली, असलं सगळं. लोक त्याला मानत. चहा दिला, तर म्हणाला, "धन्यवाद साहब, आप हमारे बड़े हैं." असल्या माणसावर आरडाओरडा करून उपयोग नसतो. ओरडलं की तो आणखी नम्र होतो.

पहिला तासभर तो एकच सांगत राहिला. कुठून तरी आला, आम्ही पुढे पाठवला, जनहितासाठी. मी ऐकून घेतलं. मग दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि लुंगीतल्या पायाची गोष्ट सांगितली. तो फोटोकडे बघत राहिला.

"पैर तो उन्होंने हटवाया था," मी म्हणालो. "माँ को किसने हटाया?"

त्याने मूळ फोटोतल्या आईवर बोट ठेवलं. दीवानजींचं पेन थांबलं.

"वो हँस रही थी, साहब," तो हळूच म्हणाला. "हँसती हुई माँ के साथ कोई मानता नहीं."

इतक्या वर्षांत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण असं वाक्य ऐकलं नव्हतं. त्याच्या ग्रुपमधले लोक दुसऱ्या कुणाच्या ग्रुपकडे जात होते, आणि त्याला असं काहीतरी हवं होतं की सगळे परत येतील. दोन दिवसांत आले. कुणाला काही होईल असं वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला. वाटलं नव्हतं! "दिखे तो छोड़ना मत" असं स्वतःच्या हाताने लिहून वाटलं नव्हतं.

"उन लोगों ने तुम्हें कुछ खिलाया था, फ्रेम लेते समय?"

त्याने मान खाली घातली. "हाँ साहब."

"कैसा था?"

"मीठा था."

ते उत्तर मी जबाबात जसंच्या तसं घ्यायला लावलं. पोलिसापुढचा जबाब कोर्टात फारसा टिकत नाही, हे मलाही कळत होतं. पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पाय पुसलेला, मग आई कापलेला, मग मजकूर चढवलेला, असे तीन फोटो क्रमाने सापडले. प्रयोगशाळेने तसा अहवाल दिला. आई हसत होती आणि दाणे साखरेचे होते, या दोन्ही गोष्टी माहीत असताना त्याने ते केलं होतं. आरोपपत्र त्याच पायावर उभं राहिलं.

मावशींचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला त्याच दिवशी त्याला कोठडीसाठी आणलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. मी मध्ये जायला हवं होतं. गेलो नाही. मावशींचा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी नीट, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. मग आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, मीठा कम पड़ा था क्या?"

तो रडायला लागला. मावशी रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला साहेब. बघितलं मी." भुसावळचं तिकीट त्यांनी त्या संध्याकाळी लेकीला परत करायला लावलं.

त्यानंतर मुलाच्या आईच्या परवानगीने आम्ही पूर्ण फोटो, खरा मजकूर लिहून, सगळीकडे पाठवला. बसस्टँडवर, शाळांत, दवाखान्यांत लावला. ठाण्यात नियम केला की असा कुठलाही फोटो आला की हसायचं नाही, आधी जीडीत नोंद, मग फोटोतल्या माणसाला कळवायचं आणि त्याचं संरक्षण. खोटा फोटो दोन दिवसांत गावोगाव गेला होता. खरा पोचवायला आम्हाला सगळा उन्हाळा लागला, आणि काही ठिकाणी तो अजूनही पोचला नसेल.

पण मावशी घराबाहेर पडू लागल्या तरी एक गोष्ट बदलली होती. माझ्या बायकोने ती हेरली. "रस्त्यात त्या नातवाशी हिंदीतच बोलतात," ती म्हणाली. "तेही हळू. घरात शिरल्यावरच मराठी." ऐकून मला फार वाईट वाटलं. आरोपी सापडला होता, पण त्या बाईचं जे गेलं होतं ते मी परत आणू शकलो नव्हतो.

पुढच्या संक्रांतीला माझ्या नोकरीचे सहा महिने उरले होते. एके दिवशी मावशी घरी आल्या. मनगट थोडं वाकडंच जोडलं गेलं होतं. परातीत हलवा हलवताना अजून दुखतं म्हणाल्या. "त्या अंगणवाडीच्या बाईंना हलवा द्यायला जायचंय. तिकडच्या पोरांनाही. नातवाला घेऊन जाणार."

"जीप पाठवतो. दोन शिपाई देतो."

"नको. पोलीस बरोबर आले, तर लोक म्हणतील यंदा पकडूनच आणलीय!" त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. लेकीने विरोध केला, मीही केला. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. कंडक्टर तोच, बस तीच.

त्या दिवशी मी ठाण्यात बसून होतो, पण कामात लक्ष नव्हतं. चारदा कंडक्टरला फोन केला. पाचव्या वेळी तोच वैतागला, "साहब, उतार दिया है, सब ठीक है, अब गाड़ी चलाने दीजिए." दुपारी अंगणवाडीच्या बाईचा फोन आला. "हओ साब, आ गईं तुमाई मौसी," ती म्हणाली. मागून पोरांचा कल्ला ऐकू येत होता. आणि त्या कल्ल्यात, भर रस्त्यावर, खणखणीत आवाजात मावशींचं मराठी, "अरे मेल्या, हात सोडू नकोस! गाडी येतेय, दिसत नाही का?" आणि त्यावर नातवाचं उत्तर, "पकड़ा है ना आज्जी!"

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. दीवानजी काहीतरी सही घ्यायला आले होते, त्यांना हाताने थांबवलं. डोळे भरून आले होते आणि लपवावंसं वाटलं नाही.

थोड्या वेळाने फोटो आला. त्याच अ‍ॅपवर. शाळेची तीच खोली, दार सताड उघडं. मावशी पायरीवर बसल्यायत, अंगणवाडीची बाई शेजारी, आजूबाजूला पंधरा-वीस पोरं, सगळ्यांचे गाल फुगलेले. मुकुट प्रधानाच्या नातवाच्या डोक्यावर. सवयीने मी फोटो मोठा करून चारही कडा तपासल्या. हल्ली कुठलाही फोटो आला की मी आधी कडा बघतो, बाहेर कोण राहिलं ते. या प्रकरणाने मला जे शिकवलं ते एवढंच, आणि ते शिकायला मला दुसऱ्याचं डोकं फुटावं लागलं, याची लाज निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

मी मावशींना फोन द्यायला सांगितलं. विचारलं, "मावशी, हा फोटो पुढे पाठवू का?"

"पाठवा की," त्या म्हणाल्या. "पण अख्खा पाठवा हं भाऊ. कुणाला कापू नका."